जुन्या डिझेल पिकअपची अधूनमधून होणारी मिसिंग कशी शोधावी

बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्यात भाजी आणणारी जुनी पिकअप चढावर मिसिंग करते, म्हणजे इंजिन मध्येच धक्के देते, आणि गॅरेजच्या दारात उभी केली की शहाण्यासारखी चालते. मग अंदाजाने नोझल, म्हणजे सिलिंडरात डिझेल फवारणारे भाग, बदलले जातात आणि दोष जागच्या जागी राहतो. म्हणून पाना हाती घेण्यापूर्वी मिसिंग केव्हा होते याची नोंद ठेवावी: सकाळच्या पहिल्या स्टार्टला, भार असताना, टाकी पाव उरल्यावर की पावसात उभी राहिल्यावर. पुढील पद्धत यांत्रिक पंपाच्या इंजिनासाठीच आहे. कॉमन रेल इंजिनाचा (ज्यात सर्व नोझलना एकाच सामाईक नळीतून अतिउच्च दाबाने डिझेल मिळते) प्रेशर पाइप चालू स्थितीत कधीही सैल करू नये.

पहिली परीक्षा कानाची आहे. चार सिलिंडरांचे इंजिन आयडलिंगला (अॅक्सिलरेटर न दाबता उभ्या गाडीत) मिनिटाला ८०० फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडर ४०० वेळा पेटते; त्यातील एकच निकामी झाले तर सेकंदाला सहा-सात धक्के ठरावीक तालात जाणवतात. ताल नसेल, इंजिन मध्येच आचके देऊन पुन्हा सुरळीत होत असेल, तर बहुधा दोष डिझेलच्या वाटेवर असतो आणि नोझलला हात लावण्याचे कारण नसते.

या वाटेवर आधी पाणी पाहावे. फिल्टरखालचा ड्रेन स्क्रू सैल करून डिझेल काचेच्या बरणीत घ्यावे. पाणी जड असल्यामुळे ते तळाशी वेगळे दिसते. आपल्याकडच्या दमट हवेत अर्धी रिकामी टाकी आतून घामेजते, म्हणून पावसाळ्यात ती रात्री भरलेली बरी.

पाणी नसेल तर हवेचा संशय घ्यावा. टाकीपासून फीड पंपापर्यंतचा (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पंपापर्यंतचा) पाइप ओढीखाली असतो, त्यामुळे तेथील फटीतून डिझेल बाहेर न गळता हवाच आत शिरते, आणि कोरडा पाइप पाहून माणूस फसतो. फिल्टर आणि नोझलना दाबाने डिझेल देणारा मुख्य पंप यांच्यामध्ये तात्पुरता पारदर्शक डिझेल होज बसवला की बुडबुडे डोळ्यांना दिसतात. त्यानंतर फीड पंपाचा ओढ पाइप स्वच्छ डिझेलच्या कॅनमध्ये सोडून गाडी चालू करावी. मिसिंग थांबली, तर दोष टाकीत, तिच्या जाळीत, झाकणाच्या हवेच्या छिद्रात किंवा मागच्या पाइपात आहे. किनाऱ्याजवळच्या गाड्यांत क्लिपखाली गंजलेला पाइप विशेष तपासावा. थांबली नाही, तर प्रायमर (हाताने डिझेल चढवायचा छोटा पंप), फिल्टरचे सील आणि पाइप जोडणाऱ्या पोकळ बँजो बोल्टचे तांब्याचे वॉशर पाहावेत. काम झाल्यावर हँड प्रायमरने बुडबुडे संपेपर्यंत हवा काढावी.

मिसिंग तालात असेल, तर आयडलिंगला एकेका नोझलच्या पाइपाचा नट, भोवती जाड फडके गुंडाळून, किंचित सैल करावा. चष्मा घालावा आणि फवाऱ्यासमोर बोट नेऊ नये, कारण ते डिझेल त्वचेत घुसते. ज्या नटाने इंजिनाचा आवाज बदलत नाही, ते सिलिंडर निकामी. इंजिन बंद करून त्याचे नोझल शेजारच्याशी, नवीन वॉशर घालून, अदलाबदल करावे. दोष नोझलबरोबर सरकला तर नोझलच दुरुस्त करावे. तेथेच राहिला तर टॅपेटचे (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाचे) अंतर आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरात हवा दाबली जाण्याचा जोर) तपासावे. पांढऱ्या धुराबरोबर रेडिएटरचे पाणी घटत असेल, तर हेड गॅस्केटची (इंजिनाचे हेड आणि ब्लॉक यांमधल्या सीलची) शंका घेऊन गाडी उभीच ठेवावी.

दुरुस्तीची चाचणी रिकाम्या गाडीने सपाट रस्त्यावर घेऊ नये. नोंदवहीतला तोच भार घेऊन घाटाच्या पायथ्याच्या केरीहून तीच चढण चढावी.