डायच्या पाण्याचा प्रोजेक्ट घ्यायलात? आधी एवढं जमवून ठेवा

दर दोन दिवसाला एमएस्सीचं कोणीतरी विचारायलंय की दादा, करंट देऊन डायचं (कपडे रंगवायच्या रंगाचं) पाणी साफ करायचंय, कोणता इलेक्ट्रोड घेऊ, म्हणून एकदाच लिहून टाकतो. इलेक्ट्रोड नंतर, आधी पाणी बघा. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड, त्यात क्लोराइड, आणि मी पहिल्यांदा तेच वापरून डाय कालवला, रुथेनियम ऑक्साइडची जाळी लावली, पंधरा मिनिटात लालभडक पाणी पार पांढरं, मी लॅबला चहा पाजून मोकळा, अन् सीओडी (पाण्यातली घाण जाळायला किती ऑक्सिजन लागतो ते माप) काढला तर जिथल्या तिथं. रंग उडवला होता क्लोराइडपासून झालेल्या हायपोक्लोराइटनं, बीकरला ब्लीचिंग पावडरचा वास पण येत होता, पण आनंदात हुंगतंय कोण. तर डिस्टिल्ड वॉटरचा कॅन भरून ठेवा आणि करंट वाहायला त्यात मीठ नाही, सोडियम सल्फेट घ्या, 0.05 मोलरला लिटरमागं 7.1 ग्रॅम.

आता अॅनोड, म्हणजे प्लसला जोडायचा इलेक्ट्रोड. रुथेनियम-इरिडियमवाले टिकतात लै, पण त्यांच्यावर ऑक्सिजन लवकर सुटतो, करंट बुडबुड्यात जातो आणि डायचा रेणू अर्धवट तुटून राहतो. बोरॉन घातलेला डायमंड सगळ्यात भारी, त्याच्यावर हायड्रॉक्सिल रॅडिकल (डाय जाळणारे कण) मोकळे मिळतात आणि डाय थेट कार्बन डायऑक्साइडपर्यंत जळतो, फक्त किंमत ऐकून गाईड दुसरा विषय देतील. लेड डायऑक्साइडचं शिसं पाण्यात उतरायची भीती. मी म्हणतो टायटॅनियमवर टिन-अँटिमनी ऑक्साइडचं कोटिंग असलेला स्वतः बनवा, आयुष्य कमी आहे पण प्रोजेक्टपुरतं चालतं. टायटॅनियमची पट्टी पॉलिश पेपरनं घासा, साबणानं धुवा, 10 टक्के ऑक्झॅलिक अॅसिडमध्ये तासभर उकळा (फ्यूम हूडमध्येच), पाटीसारखी करडी झाली की काढा. चकाकत राहिली तर परत टाका, नाहीतर कोटिंग पापुद्र्यासारखं सुटतं, माझं सुटलंय. मग टिन अन् अँटिमनी दोन्हीचे क्लोराइड आयसोप्रोपॅनॉलमध्ये, ब्रशनं पातळ हात, वाळवा, 500 डिग्रीला भाजा, असे दहाएक हात, म्हणजे फर्नेस दोन दिवस आधीच सांगून ठेवा आणि लाइट कधी जाते ते पण बघा.

कॅथोडला, म्हणजे मायनसच्या इलेक्ट्रोडला, स्टीलची पट्टी चालते. सप्लाय करंट स्थिर ठेवणारा पाहिजे, दर चौरस सेंटिमीटरला 20 मिलिअँपिअर धरले तर 10 चौरस सेंटिमीटरला 0.2 अँपिअर, क्षेत्रफळ बुडालेल्या भागाचंच धरायचं, वर टेफ्लॉन टेप गुंडाळा. क्लिप पाण्याच्या वर ठेवा, बुडली की तीच विरघळते आणि पाणी हिरवट होतं. कॅथोडवर हायड्रोजन निघतो, खिडकी उघडी. एक अँपिअर-तासात जास्तीत जास्त 0.3 ग्रॅमच सीओडी जातो, म्हणजे तीन तासात 180 मिलिग्रॅम, तेवढं बघूनच डाय घाला. करंट चालू करायच्या आधीचं सॅम्पल विसरू नका, सगळेच विसरतात.

आणि सीओडीची टेस्ट उरकली की तिच्यातली क्रोमियम अन् पाऱ्याची घाण सिंकमध्ये ओतू नका, झाकणाचा वेगळा कॅन आधीच मागून घ्या, ऐनवेळी स्टोअरची चावी सापडत नाही.