सायकलला ग्रीस लावताना या चुका टाळा

रंकाळ्याला फेऱ्या मारणारे असोत की पन्हाळ्याचा चढ चढणारे, गणपतीच्या आसपास बऱ्याच जणांची एकच तक्रार असते: चाक जड फिरतंय, पायडल मारताना खालून करकर येते. बेअरिंगमधले छर्रे (लोखंडी गोळ्या) बदलायच्या आधी आतलं ग्रीस बघा. कोल्हापूरच्या पावसात बहुतेक वेळा घोळ तिथंच असतो.

चाक काढा आणि आक्सल चिमटीत धरून हळू फिरवा. नुसता घट्ट वाटला तर कोन (आक्सलवरचं, छर्रे दाबून धरणारं नट) जास्त आवळलाय, किंवा ग्रीस फार दाट आहे. बोटांना खरखर जाणवली तर आत माती गेलीय किंवा कोनला खड्डे पडलेत. मग कोन खोला. ग्रीस दुधाळ, चहासारखं दिसलं तर त्यात पाणी मिसळलंय. त्याच्यावर नवं ग्रीस थापू नका. रॉकेलनं कप (छर्रे बसतात ती वाटी), कोन, छर्रे धुऊन कोरडे करा आणि मगच भरा.

रंग बघून ग्रीस घेणं ही सगळ्यात मोठी चूक. लाल, निळा, हिरवा हा बहुधा नुसता रंग असतो, त्यावरून गुण कळत नाही. डब्यावरचं वाचा. सोडियमचं ग्रीस पाण्यात विरघळतं, आपल्या पावसाळ्यात त्याचा काही उपयोग नाही. साधं लिथियम चालतं. लिथियम कॉम्प्लेक्स किंवा कॅल्शियम सल्फोनेट मिळालं तर उत्तम, ते पाण्याला जास्त दाद देत नाही. दाटपणाचा एनएलजीआय नंबर २ असावा. उद्यमनगरात गाड्यांसाठी सर्रास मिळणारं ३ नंबरचं सायकलच्या छोट्या बेअरिंगला जरा जड पडतं. दोन जातींची ग्रीसं एकमेकांत मिसळू नका. काही जाती एकत्र आल्या की पातळ होऊन गळतात.

चेनला ग्रीस नकोच. रस्त्यावरची धूळ त्याला चिकटते आणि चेन, दाते दोन्ही झिजतात. तिथं चेनचं तेल. फ्रीहबमध्येही (मागच्या चाकातला, पायडल थांबवलं तरी चाक फिरू देणारा भाग) दाट ग्रीस कोंबू नका, आतले खटके चिकटतात आणि पायडल मोकळं फिरतं. उतारावरून परत चढाला लागताना असं झालं तर माणूस पडतो, म्हणून हे नीट ध्यानात ठेवा.

उलट, जिथं हवं तिथं लोक विसरतात. पायडलचे आटे आणि सीटचा दांडा कोरडेच बसवले तर दोन-तीन पावसाळ्यांत जाम होतात, आणि मग पान्याला पाइप लावूनही हलत नाहीत. दांडा किंवा फ्रेम कार्बनची असेल तर मात्र ग्रीस नाही, कार्बनची वेगळी पेस्ट मिळते.

गाड्या धुतात त्या प्रेशरच्या पाण्याचा फवारा हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) थेट मारू देऊ नका. सील ओलांडून पाणी आत शिरतं. आणि काम संपल्यावर हात पुसल्याशिवाय डिस्कला किंवा रिमला बोट लावू नका. ब्रेकपॅडला ग्रीस लागलं तर ते बहुधा बदलावेच लागतात.