चोक काढला की बाइक बंद

बाइक 150 सीसी, कार्बोरेटरवाली. पावसाळ्यात दोन महिने कळव्यात ताडपत्रीखाली उभी होती. नंतर चोकवर चालू व्हायची, चोक काढला की बंद. पळताना ठीक, पण तीन हात नाक्याच्या सिग्नलला हमखास बंद पडायची. मागच्यांचे हॉर्न ऐकून जीव नकोसा झाला.

प्लग बदलला, एअर फिल्टर साफ केला. मेकॅनिकने नुसता आयडलचा (उभ्या गाडीत इंजिन किती वेगाने फिरेल ते ठरवणारा) स्क्रू वाढवून दिला. फरक शून्य.

दोष पायलट जेटचा निघाला. हा कार्बोरेटरमधला बारीक भोकाचा पितळी तुकडा, आणि ते भोक बुजलं होतं. मंद गतीला पेट्रोल त्यातूनच येतं. चोक पेट्रोल-हवेचं मिश्रण दाट करून ती उणीव झाकतो.

पेट्रोलचा कॉक बंद करून बाउलमधलं (कार्बोरेटरच्या तळाच्या वाटीतलं) जुनं पेट्रोल बाटलीत काढलं. वास चक्क वॉर्निशचा! कार्बोरेटर उतरवून बाउल उघडला. मेन जेटशेजारच्या खोल नळीत पायलट जेट असतो. पितळ मऊ, म्हणून खाचेत नेमका बसणारा स्क्रूड्रायव्हरच घ्या. जेट काढून उजेडाकडे धरला तर भोक दिसेना. कार्बोरेटर क्लीनर मारून दहा मिनिटं ठेवला, मग पंक्चरवाल्याकडे हवा मारली. सुईच्या टोकाएवढा उजेड दिसला. तार घालू नका, भोक मोठं होतं. क्लीनर रबरी रिंगांना लावू नका.

मिक्श्चर स्क्रूला हात लावला नाही. जोडणी करून इंजिन तापल्यावर आयडल पूर्ववत केला. आता गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर बाउल रिकामा करूनच ठेवतो.