अकरावीचे विषय: अर्ज भरून देणाऱ्यांसाठी चार गोष्टी

दहावीचा निकाल लागला की शाळेत कोणाच्या तरी गळ्यात अकरावी मार्गदर्शनाचं काम पडतं. बहुतेकदा ज्याला कॉम्प्युटर येतो त्याच्या. यंदा ते तुमच्या गळ्यात पडलं असेल, किंवा भावकीतल्या सगळ्या पोरांचे अर्ज दरवर्षी तुमच्याच मोबाईलवरून जात असतील, तर हे तुमच्यासाठी. मी सांगली जिल्ह्यातल्या एका हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते आणि मे-जूनमध्ये हेच करते. लॉगिन कसं करायचं, दाखले कोणते लागतात, हे तुम्हाला ठाऊक असणार. त्यात शिरत नाही.

आधी गुणपत्रिका हातात घ्या. पालक टक्के सांगतात आणि आपणही टक्क्यांवर बोलायला लागतो, तिथंच गाडं चुकतं. आपल्या बोर्डाचा टक्का सहापैकी चांगल्या पाच विषयांचा असतो. म्हणजे ज्या विषयात पोर कच्चं आहे, नेमका तोच हिशेबातून गळालेला असतो. समजा मराठी 88, संस्कृत 97, इंग्रजी 84, विज्ञान 85, सामाजिक शास्त्रं 88. झाले 442, म्हणजे 88.40 टक्के. घरात पेढे वाटून झालेत, आत्या म्हणते इंजिनिअर होणार. आणि सहाव्या ओळीत गणित 61. त्यातले अंतर्गतचे 20 पैकी 18-19 शाळेनंच दिलेले असतात, आपल्याला माहीत आहे कसे देतो ते. म्हणजे लेखी 80 पैकी 42 च्या आसपास. खेळाचे किंवा चित्रकलेच्या परीक्षेचे वाढीव गुण असतील तर टक्का आणखी फुगतो. याचा अर्थ त्यानं सायन्सकडे फिरकू नये असा अजिबात नाही. पण 42 का पडले हे त्याला विचारल्याशिवाय अर्जाला हात लावू नका. कधी पेपर पूर्ण झालेला नसतो, कधी भूमितीचे सर वर्षभर रजेवर असतात, आणि कधी पोराला गणित खरंच नको असतं, पण घरात बोलायची सोय नसते. तिन्ही उत्तरांवरून सल्ला वेगवेगळा निघतो.

आता ज्या एका गोष्टीवर मी दरवर्षी घसा कोरडा करते ती. वाचणाऱ्याला कंटाळा आला तरी चालेल.

शाखा मिळाली म्हणजे विषय मिळाले असं होत नाही.

2025-26 पासून अकरावीचे प्रवेश अख्ख्या राज्यात एकाच ऑनलाइन पद्धतीनं व्हायला लागले. त्याआधी ही भानगड मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, अमरावतीकडे होती. आपल्याकडे कॉलेजच्या खिडकीवर रांग लावली की काम व्हायचं. खिडकीचा एक फायदा होता, तिथला क्लार्क तोंडावर सांगायचा, ‘बायो हाय, गणिताची तुकडी भरली.’ ऑनलाइन अर्ज तेवढं सांगत नाही. तिथं तुम्ही 10 पर्यंत पसंती देता आणि प्रत्येक ओळीत असतं कॉलेज, शाखा, माध्यम आणि अनुदानित-विनाअनुदानित-स्वयंअर्थसहाय्यित. यादी लागते, मेसेज येतो, पोरगं नाचतं. मग प्रवेश घ्यायला गेलं की कॉलेज विषयांचा फॉर्म पुढं करतं, आणि खरी निवड तिथं सुरू होते. त्या कॉलेजात ए ग्रुप (भौतिक, रसायन, गणित, म्हणजे पीसीएम) आहे का, एबी (गणित आणि बायो दोन्ही) आहे का, बायोऐवजी भूगोल आहे का, आयटी आहे का, हे त्या कॉलेजकडे शिक्षक किती आणि तुकड्या किती यावर ठरतं. जागा कमी असतील तर गट गुणांवर वाटतात.

आणि यात दुसरा खटका दडलेला आहे. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर तिथंच प्रवेश घ्यावा लागतो. नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. म्हणजे तुम्ही नाव बघून एक नंबरला कॉलेज टाकलं, ते लागलं, आणि तिथं पोराला हवा तो गट नाही, तर त्याच्यापुढं दोनच रस्ते: नको ते विषय घ्या, नाहीतर शेवटच्या फेरीची वाट बघत घरी बसा. जुलै-ऑगस्टमध्ये, बाकीच्यांचे क्लास सुरू झालेले असताना, सोळा वर्षांचं पोर घरी बसायला तयार होत नाही. ते सही करून टाकतं.

म्हणून पसंतीक्रम लावण्याआधी कॉलेजात जा, निदान फोन करा, आणि अगदी याच शब्दांत विचारा: गेल्या वर्षी गणित आणि बायो दोन्ही किती जणांना दिलं? ‘विषय आहेत का’ असं विचारलंत तर उत्तर ‘आहेत की’ असंच येणार. विषय माहितीपत्रकात असतो, तुकडी नसते. आयटीचं शुल्क वेगळं किती तेही तेव्हाच विचारा, कारण तो विषय बऱ्याच ठिकाणी विनाअनुदानित असतो. द्विलक्ष्यी, म्हणजे बायफोकल, विषयांचंही तसंच. कॉम्प्युटर सायन्स, इलेक्ट्रॉनिक्स, क्रॉप सायन्स हे ते 200 गुणांचे विषय. घेतले की दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय जातो. कोणता जाणार ते आधी कागदावर लिहून घरच्यांना दाखवा. ‘बायो गेलं’ हे बापाला ‘नीट’चा (मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा) फॉर्म भरताना कळता कामा नये.

एवढं ताणून सांगते कारण मी स्वतः त्या खिडकीवर उभी होते. मला गणित हवं होतं. कॉलेजनं सांगितलं, गणिताची तुकडी पुरी झाली, भूगोल घे, स्कोअरिंग आहे. वडील म्हणाले, सायन्स मिळालं ना, मग झालं तर. त्यांच्या दृष्टीनं खरंच झालं होतं. आमच्या घरात सायन्सला जाणारी मीच पहिली. बारावीनंतर बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सचा फॉर्म घेतला तर पात्रतेच्या रकान्यात ‘बारावीला गणित’. तिथंच थांबले. वनस्पतिशास्त्र केलं, बी.एड. केलं, नोकरी बरी आहे, पोरं चांगली आहेत. तरी पीसीएमचा अर्ज भरताना अजून पोटात कालवतं, खोटं कशाला सांगू.

तेव्हा पुढून मागं या. पोराला काय व्हायचंय ते विचारा, त्या कोर्सची पात्रता काढा, आणि मग अकरावीच्या विषयांवर या. एमबीबीएस, बीडीएस, आयुर्वेद, होमिओपॅथी यांना ‘नीट’, म्हणून पीसीबी (भौतिक, रसायन, बायो). इंजिनिअरिंगला सीईटीचा, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेचा, पीसीएम गट. फार्मसी आणि बी.एस्सी. ॲग्री दोन्हींकडून जमतं. त्यामुळं ज्याच्या घरी द्राक्षबाग आहे आणि ज्याला शेतीतलंच काही करायचंय, त्यानं नको असलेलं गणित किंवा नको असलेलं बायो ओढत नेण्याचं कारण नाही. सीईटीत 20 टक्के भाग अकरावीचा असतो, हेही आत्ताच कानावर घाला, कारण अकरावी म्हणजे विश्रांतीचं वर्ष हा समज कॉलेजच्या फाटकातच मिळतो.

साताऱ्याकडच्या मित्रांना एनडीएचं (बारावीनंतर सैन्यात अधिकारी व्हायच्या वाटेचं) वेगळं सांगायला नको, 1961 पासून सैनिक स्कूल तिथं आहे. पण आपल्या साध्या हायस्कूलमधलं पोरही एनडीए म्हणतं. त्याला सांगा: लष्करासाठी बारावी कोणत्याही शाखेची चालते, हवाई दल आणि नौदलाला भौतिक, रसायन, गणित लागतं. आणि लेखी परीक्षेत गणिताचा पेपर 300 गुणांचा आहे, तो सगळ्यांनाच. ‘आर्ट्स घेऊन एनडीए करतो’ म्हणणाऱ्याला अडवू नका, फक्त तो 300 चा आकडा त्याच्या वहीत लिहून द्या. कला शाखेतही बोर्डाचं गणित घेता येतं, सायन्सवालाच विषय तो. देणारं कॉलेज सापडायला हवं, एवढंच.

कॉमर्सकडे आपलं लक्ष कमी असतं, आणि तिथंही हीच खोच आहे. विटा-खानापूर-आटपाडीकडची निम्मी घरं गलाईच्या धंद्यात. बाप परराज्यात सोनं गाळतोय, पोरगा आजीजवळ शिकतोय. अशाच एका वडिलांचा फोन स्पीकरवर होता. मागं भट्टीचा आवाज, मधूनच कोणाशी तरी हिंदीत बोलणं. ‘मॅडम, हितं सगळी म्हणत्यात लातूरला घाला, पैशाचं बगतो मी.’ लातूर म्हणजे मेडिकल-इंजिनिअरिंगचे क्लास. पोरगा खाली मान घालून टेबलाच्या कडेचा सनमायका नखानं उचकटत होता. आजी म्हणाली, ‘आरं त्येला तरी इचारा.’ विचारलं तर म्हणाला, सीए. वडिलांच्या दुकानात सुट्टीला गेला होता, तिथं हिशेब बघायला येणारा माणूस त्याला आवडला होता. पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. मग, ‘बरं हाय की. आपल्यालाच लागतोय सीए.’

त्याच्या जवळच्या कॉलेजात कॉमर्सला गणित नव्हतं, त्याऐवजी फक्त एसपी (सेक्रेटरिअल प्रॅक्टिस). सीए फाउंडेशनला कोणत्याही शाखेचा बारावी पास बसू शकतो, पण त्यातला एक पूर्ण पेपर गणित, तर्क आणि सांख्यिकीचा आहे. म्हणजे एसपी घेतलं तर हा पेपर अंगावर येणार. त्याला दोन वर्षं गणित बाजूनं चालू ठेवायला सांगितलं, आणि ते आजीलाही समजावून सांगितलं, कारण घरात शिस्त तिचीच चालते.

टायअपवाल्या, म्हणजे खासगी क्लासशी संधान बांधलेल्या, कॉलेजांबद्दल माझं मत वाईट आहे, आधीच सांगून टाकते. हजेरी एका ठिकाणी, शिकवणी दुसरीकडे, प्रात्यक्षिकांची वही तिसऱ्याची बघून. कोणाकोणाला ते फळतंही, नाकारत नाही. पण पहिल्यांदाच शिकणाऱ्या घरातलं पोर दिवसभर एका खोलीत एमसीक्यू सोडवत बसलं की त्याला विचारायला माणूस उरत नाही. फी सांगण्याआधी जिथं ‘आमच्याकडून इतके लागले’ सांगतात, तिथून उठा. कल चाचण्यांचंही तेच. रंगीत अहवाल मिळतो, त्यात प्रत्येक पोर ‘सर्जनशील आणि नेतृत्वगुण असलेलं’ असतं. त्या पैशात पोराला मिरजेच्या दवाखान्यात नाहीतर कुपवाडच्या कारखान्यात काम करणाऱ्या एखाद्या नातेवाइकाबरोबर चार दिवस पाठवा.

आणि मार्गदर्शक म्हणून गावातल्या एकाच यशस्वी दादाला पकडू नका. तो त्याच्या वर्षाचं सांगतो. नियम बदललेले असतात आणि त्याला ते माहीत नसतं; चूक त्याची नाही. त्याच्यापेक्षा आत्ता अकरावी संपवलेली, जरा दमलेली मुलगी शोधा. ती खरं सांगते: कोण शिकवतं, कोण येतच नाही, एसटीचा पास किती दिवसांनी मिळतो, शेवटची गाडी किती वाजता.

एबी ग्रुपबद्दल पालक हमखास म्हणतात, ‘दोन्ही ठेवू, पुढं ठरवू.’ ज्या मुलाला गणित आणि बायो दोन्ही झेपतं त्याला हे ठीक. ज्याला नाही, त्याला हे दोन वर्षांचं ओझं आहे. तरीही मन खरंच डळमळीत असेल तर मी ठेवायलाच सांगते. कारण बारावीत नवा विषय घेणं म्हणजे अकरावीचं पुस्तक एकट्यानं भरून काढणं.

समजा सगळं करून विषय हुकलाच, तर रडणाऱ्या पोराला दोन गोष्टी सांगा. दहावीवर पॉलिटेक्निक आहे, कराडला शासकीय तंत्रनिकेतन आहे. डिप्लोमा केला की इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, सीईटी न देता. त्याचे अर्ज अकरावीच्या आसपासच चालू असतात, म्हणून अकरावीच्या यादीची वाट बघत ती तारीख घालवू नका. दुसरं, बारावी पास झाल्यावर राहिलेला विषय बोर्डाला ‘तुरळक विषय’ म्हणून देता येतो. सांगली, सातारा, कोल्हापूर या आपल्या तिन्ही जिल्ह्यांचं विभागीय मंडळ कोल्हापूरला आहे, चौकशी तिथं. मात्र पुढच्या ज्या प्रवेशासाठी तो विषय हवाय, तिथं असा दिलेला विषय धरतात का, हे परीक्षा फॉर्म भरायच्या आधी लेखी विचारून घ्या. हे दोन शब्द त्या वर्षी मला कोणी सांगितले नाहीत.

प्रवेशाच्या दिवशी शक्य असेल तर पोराबरोबर स्वतः जा, नाहीतर वडिलांना पाठवा, आणि विषयांच्या फॉर्मची झेरॉक्स सही-शिक्क्यासह घेतल्याशिवाय कॉलेज सोडू देऊ नका. पहिल्या आठवड्यात वर्गातल्या हजेरीपटावर त्याचं नाव त्याच गटात आहे का, तेवढं त्याला बघायला सांगा. नसेल तर लगेच प्राचार्यांना अर्ज. सुरुवातीच्या दिवसांत गट बदलून मिळण्याची शक्यता असते, गणपती झाल्यावर कोणी ऐकून घेत नाही.