आलेल्या ईमेलच्या मजकुराला हात लावण्यापूर्वी

डेस्कटॉपवरील जुन्या आउटलुकमध्ये आलेला ईमेल उघडून ‘ॲक्शन्स’मधून ‘एडिट मेसेज’ निवडले, की विषय आणि मजकूर दोन्ही बदलता येतात, मात्र वर नाव आणि तारीख मूळ प्रेषकाचीच राहते. शोधायला सोपे जावे म्हणून नुसत्या ‘बिल’ या विषयाचे ‘मार्चचे वीजबिल’ करणे निरुपद्रवी वाटते. तरीही दुसऱ्याच्या सहीच्या कागदावर आपण लिहिण्यासारखेच ते असल्याने, अशा खुणांसाठी लेबल किंवा वेगळे फोल्डर वापरावे. फॉरवर्ड करताना तर खालचा मजकूर कोणत्याही सेवेत सहज बदलता येतो, आणि ‘शक्यतो सोमवारपर्यंत पाठवा’ यातले ‘शक्यतो’ गळाले, की विनंतीचा हुकूम होतो. खासगी क्रमांक वगळणे योग्यच, पण तिथे ‘मजकूर वगळला आहे’ असे चौकटी कंसात लिहावे.

फॉरवर्ड होऊन आलेला मजकूर किंवा स्क्रीनशॉट पुरावा मानू नये. जीमेलच्या ‘शो ओरिजिनल’मध्ये दिसणारी ‘डीकेआयएम’ ही पाठवणाऱ्या सर्व्हरची डिजिटल सही असते. सहीनंतर मजकुरातील एक आकडा बदलला तरी ती जुळत नाही. म्हणून वादाच्या प्रसंगी मूळ ईमेल ‘डाउनलोड ओरिजिनल’ने ईएमएल फाइल म्हणून जतन करावा, तो जोडपत्र म्हणूनच पुढे पाठवावा आणि खात्यातील मूळ प्रत पुसू नये. 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 नुसार न्यायालयात द्यायच्या प्रमाणपत्रात अशा नोंदीचे हॅश मूल्यही, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून गणिताने काढलेली तिची ओळखखूणही, नमूद करावे लागते.