कोल्हापूरचं ब्लँकेट विणायला घेण्याआधी

एकेका चौकोनात कोल्हापूरचं एकेक चित्र विणायचं आणि शेवटी चौकोन जोडायचे, असं हे ब्लँकेट. सुया, कात्री, मोजपट्टी घरात असणारच, त्यावर शब्द घालवत नाही. लोकर महाद्वार रोडला जाऊन एकदम सगळी घ्या, लेबलवरचा लॉट नंबर जुळवून. नंतर आणलेला गुंडा रंगाने जुळत नाही, आणि ते उन्हात दिसतं.

आता नमुना. इंटार्शियात, म्हणजे प्रत्येक रंगाचा भाग वेगळ्या दोऱ्याने विणायच्या पद्धतीत, चित्र टाक्यांनीच बनतं, म्हणून चित्राचा चौकटींवरचा आलेख काढायच्या आधी त्याच लोकरीचा, त्याच सुयांवर किमान 15 सें.मी.चा तुकडा विणा. धुवा. सपाट वाळवा. मग मधल्या 10 सें.मी.त टाके किती आणि ओळी किती ते मोजा. मागच्या वेळी मी हे गाळलं आणि चित्रातला संध्यामठ रंकाळा तलावात आणखी बुडाल्यासारखा बसका आला. कारण साधं आहे: टाका उंचीपेक्षा रुंद असतो. 10 सें.मी.त 20 टाके आणि 28 ओळी बसत असतील, तर शाळेच्या आलेखवहीवर काढलेलं 50 बाय 50 चौकटींचं चित्र रुंदीला 25 आणि उंचीला जेमतेम 18 सें.मी. येतं. चौकोन हवा तर 50 टाक्यांना 70 ओळी. तुमचे आकडे वेगळे येतील, माझे उतरवून घेऊ नका. नमुना विणा, धुवा, मोजा, मगच पेन्सिल हातात घ्या. न धुता मोजलेला नमुना धरायचा नाही. धुण्यात दुसरंही कळतं, लाल रंग पांढऱ्यात उतरतो का ते. तांबडा-पांढरा रस्सा विणणार असाल तर हे आत्ताच कळलेलं बरं.

सुरुवात रश्श्याच्या त्या दोन वाट्यांनीच करा, रंग कमी आहेत. कोल्हापुरी चप्पल सोपी वाटते, पण अंगठ्याचे बारीक पट्टे नवशिक्याला रडवतात, शेवटी ठेवा. पन्हाळ्याचा तीन दरवाजा त्याच्याही नंतर.

प्रत्येक रंगाच्या ठिकाणाला स्वतंत्र बॉबिन, म्हणजे दोरा गुंडाळायची छोटी रीळ, लागते. तोच रंग चित्रात दोन जागी असेल तर दोन. विकतची कशाला, कपड्यांचे चिमटे चालतात. दोरा किती गुंडाळायचा? सुईभोवती एक वेढा म्हणजे साधारण एक टाका, वर दोन्ही टोकांना 15 सें.मी. रंग बदलताना जुना दोरा नव्यावरून टाकून नवा खालून उचलायचा, सुलट ओळीतही आणि उलट ओळीतही. विसरलात तर दोन रंगांमध्ये फट पडते. आणि ओढून घट्ट करू नका, तिथे चुणी पडते. आलेख सुलट ओळीला उजवीकडून, उलट ओळीला डावीकडून वाचायचा. दर दोन ओळींनी दोऱ्यांचा गुंता सोडवा. दहा ओळींनी सोडवू म्हणणाऱ्याची संध्याकाळ त्यातच जाते.

(आणि हो, मैत्रिणीचा आलेख घेतलात तरी नमुना तुमचाच. हात बदलला की टाका बदलतो.)

पुढचं पटकन. टोकं प्रत्येक चौकोन संपला की लगेच त्याच रंगात मागून ओवून टाका, साठवू नका. कडा वळतात, म्हणून भोवती सगळ्या ओळी सुलट विणून पट्टी. चौकोन ओले करून टाचण्यांनी ताणून वाळवा, मग जोडा. ॲक्रेलिकवर गरम इस्त्री नको, चपटं होतं ते पुन्हा उठत नाही. जुलै-ऑगस्टात धुवायला काढू नका, आपल्याकडच्या पावसात चार-चार दिवस वास मारत पडतं.