भरती-ओहोटीच्या पाण्यात नॅरोबोट वळवताय? या चुका टाळा

इंग्लंडच्या कालव्यांवर नॅरोबोट, म्हणजे लांब, अरुंद बोट, चालवण्यात हात बसलेला माणूस लंडनमधल्या टेडिंग्टनच्या खालच्या, भरती-ओहोटीच्या टेम्स नदीवर आला की हमखास एक चूक करतो. ग्रँड युनियन कालव्यात शिरायचं असतं, ब्रेंटफर्डला त्याचं तोंड समोर येतं आणि तो तिथेच सुकाणू वळवतो. कालव्यात पाणी उभं असतं, तिथे हे खपतं. इथे तुम्ही वळेपर्यंत खालचं पाणीच तुम्हाला घेऊन निघालेलं असतं.

हिशेब करून पाहा. प्रवाहाची ओढ 3 नॉटची असेल, तर पाणी सेकंदाला दीड मीटर पळतं. 18 मीटरची बोट फिरायला दीड मिनिट लागलं, तर तेवढ्यात ती सुमारे 140 मीटर वाहून गेली. ओहोटीबरोबर आला असाल, तर त्या दिशेला क्यू ब्रिजचे खांब आहेत. 15-20 टनांची बोट खांबाला आडवी अडकली, तर मागून येणारं पाणी तिला कलंडवू शकतं.

म्हणून तोंड यायच्या आधीच, मोकळ्या पाण्यात वळायला लागा. नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, प्रवाहाकडे आली की इंजिनाच्या जोरावर जागच्या जागी थांबता येतं. मग नाळ किंचित तिरकी धरली की बोट आपोआप काठाकडे सरकते. खाडी ओलांडणारा आपला तरीवाला हेच करतो. तोंड ओलांडून मग वळायचं, तर प्रवाहाविरुद्ध परत चढण्याचा दम इंजिनात हवा. आत शिरताना मात्र कच खाऊ नका. नाळ शांत पाण्यात आणि मागचा भाग ओढीत, अशा वेळी गती तोडली की मागचा भाग वाहत जातो.

ओहोटीत नाळ काठाच्या गाळावर टेकवून वळण्याचा मोहही नको. भरतीत रुतलात तर पाणीच सोडवतं, ओहोटीत पुढच्या भरतीची वाट बघत बसा. पहिल्यांदा जाणाऱ्याने तर उधाण टाळून भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असलेले दिवस निवडावेत.

रिव्हर्समध्ये बोट भलतीकडेच जाते? बिघाड नाही तो. उजव्या फिरकीचा (पुढे जाताना मागून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांसारखा फिरणारा) पंखा रिव्हर्समध्ये मागचा भाग डावीकडे ओढतो, त्यामुळे अशी बोट उजवीकडे वळवणं सोपं पडतं. आपला पंखा कुठल्या फिरकीचा, हे कालव्यातच तपासून घ्या.

वळण्याआधी भोंगा: चार छोटे, थोडं थांबून उजवीकडे वळायचं तर एक, डावीकडे तर दोन. व्हीएचएफ रेडिओ असेल तर चॅनेल 14 वर कान ठेवा.

इंजिन नेमकं ऐन वळणात का बंद पडतं? बरेचदा लाटांनी टाकीच्या तळाचा गाळ ढवळला जातो आणि डिझेलचा फिल्टर तुंबतो. टाकी, फिल्टर आधीच साफ करून घ्या. बंद पडलंच, तर आधी नांगर, दुरुस्ती नंतर. नांगर नाळेवरूनच टाकायचा आणि तो साखळीसकट तयार हवा, कपाटात बांधलेला नव्हे. सुकाणूवरचा माणूस 18 मीटर मागे उभा असतो, तेव्हा नांगरापाशी दुसरा माणूस हवाच.